पंधरा आणि पन्नास वर्षांच्या मधली गाडी

एमएच-०७ किंवा एमएच-०८ पासिंगची गाडी विकायला काढली, की घाटावरचं गिऱ्हाईक बोनेट उघडायला सांगत नाही. ते आधी गुडघ्यावर बसतं आणि गाडीच्या खाली बघतं. सिल म्हणजे दरवाजाखालची पत्र्याची पट्टी बघतं, फ्लोअर बघतं, चाकांवरच्या कमानी बोटाने ठोकून बघतं, दरवाजाची खालची कड नखाने खरवडतं. मग उठतं आणि म्हणतं, "कोकणातली गाडी. पत्रा खाल्लेला असणार." किंमत तिथेच खाली येते. मी देवगड तालुक्यात समुद्रापासून दोन किलोमीटरवर राहतो, आणि मला या गिऱ्हाइकाचा राग येत नाही. खाऱ्या वाऱ्यातलं मीठ पत्र्यावर बसतं, हवेतला ओलावा धरून ठेवतं, आणि जिथे रंगाला टाचणीएवढं भोक असेल तिथून आत शिरतं. रत्नागिरीला वर्षाचा पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या पुढे जातो. जून ते सप्टेंबर आमच्याकडे गाडीचा पोटाकडचा भाग पुरता सुकतच नाही.

तरीही गेली चार-पाच वर्षं गणपतीला नाहीतर मे महिन्यात आलेली मुंबई-पुण्याची मुलं, आणि आता इथलीही काही, माझ्याकडे येऊन एकच गोष्ट विचारतात. "काका, आज कुठली जुनी गाडी घेऊन ठेवली तर वीस वर्षांनी तिला किंमत येईल?" त्यांच्या डोळ्यांसमोर यामाहा आरएक्स १०० असते. १९९६ मध्ये बंद झालेली ही मोटरसायकल नीट राहिली असेल, तर आज मूळ किमतीच्या कितीतरी पटीने विकली जाते. तसंच एखाद्या कारचं होईल आणि ती आपण आज लाखभरात उचलू, असा हिशेब असतो.

माझं उत्तर दोन भागांत आहे. पैशासाठी घेणार असाल तर कुठलीच घेऊ नका. ठेवण्यासाठी घेणार असाल तर घेण्यासारख्या गाड्या खूप आहेत आणि त्या राहायलाच हव्यात. पण गाडी ठेवणाऱ्या माणसाला आपले नियम पंधराव्या वर्षापासून पन्नासाव्या वर्षापर्यंत भंगाराच्या रांगेत उभं करतात. ते बदलायला हवेत, असं माझं ठाम मत आहे.

आधी पैशाचं बघू. समजा, आज एक लाखाला गाडी घेतली. तेच लाख रुपये सात टक्क्यांनी बँकेत ठेवले असते तर दहा वर्षांत जवळपास दोन लाख झाले असते. गाडीला मात्र दरवर्षी विमा, तेलपाणी, बॅटरी, टायर, रबरं आणि थोडं डेंटिंग-पेंटिंग लागतंच. काटकसरीने वर्षाचे पंधरा हजार धरा. दहा वर्षांचे दीड लाख. म्हणजे दहा वर्षांनी ती गाडी साडेतीन लाखाला गेली तर तुम्ही जेमतेम बरोबरीत आलात, आणि यात शेडचा खर्च नाही, तुमचे रविवार नाहीत, नोंदणीचं नूतनीकरण नाही. जुन्या गाड्यांच्या भावात वाढ होते, हे खरं. पण ती वाढ शंभरातल्या दोन-चार गाड्यांच्या वाट्याला येते, आणि त्या दोन-चार कुठल्या, हे आज ओळखता येत नाही. शेअरमध्ये निदान कागद गंजत नाही.

हे मी पुस्तकी ज्ञानावर सांगत नाही. २०१९ मध्ये मी पुणे पासिंगची १९९६ ची टाटा सिएरा घेतली. ज्यांनी ती गाडी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. १९९१ मध्ये आलेली, तीन दरवाजांची, मागे वर छताकडे वळत जाणारी मोठी काच असलेली ही गाडी टाटांच्या पिकअपच्या सांगाड्यावर उभी होती, १९४८ सीसीच्या डिझेल इंजिनाची. त्या काळात रस्त्यावर तिच्यासारखं दुसरं काही नव्हतं. मी कॉलेजात असताना कणकवलीच्या नाक्यावर पहिली सिएरा पाहिली आणि बस चुकवून तिच्याभोवती फिरत राहिलो. २३-२४ वर्षांनी एका दलालाने फोटो पाठवले, तेव्हा मी विचार केला नाही. गाडी तांबड्या रंगात चमकत होती. एक लाख चाळीस हजार दिले आणि घेऊन आलो. आंबोली घाट उतरताना इंजिन कुठेही कुरकुरलं नाही.

मग पहिला पावसाळा आला. ऑगस्टमध्ये डाव्या सिलवर रंगाला फोड आले, जसे भाजल्यावर कातडीला येतात. एक फोड दाबला तर बोट आत गेलं. आमच्या मेस्त्रींनी खिशातून लोहचुंबक काढलं आणि सिलवर, मागच्या कमानींवर, डिकीच्या कडेला लावत गेले. चुंबक कुठेच धरेना. ते म्हणाले, "ह्येच्यात पत्रो खंय आसा? सगळी पुट्टीच आसा." कुणीतरी सडलेल्या पत्र्यावर जाळी ठोकून, पुट्टी भरून, वर रंग मारून गाडी उभी केली होती. घाटावरच्या कोरड्या हवेत ती आणखी दोन-तीन वर्षं तशीच चमकली असती. इथे एक पावसाळाही निघाला नाही. पुढचे चौदा महिने ती शेडमध्ये होती आणि पत्र्याच्या कामाला मला गाडीच्या किमतीपेक्षा जास्त पैसे गेले. मागची ती वळणदार काच शाबूत होती, हेच नशीब. ती फुटली असती तर दुसरी मिळवायला किती गावं हिंडावी लागली असती, देव जाणे.

म्हणून जो कोणी विचारायला येतो त्याला मी आधी लोहचुंबक घ्यायला सांगतो. पाच-पन्नास रुपयांची वस्तू आहे. इंजिन बिघडलं तर उघडता येतं, बोअर करता येतं, दुसरं मिळतं. मारुती ८०० सारख्या गाड्यांना वेगळी चासी नसते. त्यांचा पत्रा हाच त्यांचा सांगाडा, तो सडला की गाडी संपली. स्टेपनी उचलून तिच्या खालचा खड्डा बघा, तिथे पाणी साठलेलं असतं. पुढची कार्पेट उचलून हात फिरवा. दरवाजाच्या तळाला पाणी जायची बारीक भोकं असतात. आमच्याकडे आंब्या-फणसाचा पाचोळा आणि माती अडकून ती बुजतात, मग पाणी दरवाजातच राहतं आणि पत्रा आतून बाहेर खात येतं. आणि पुळणीवर गाडी नेणाऱ्याची गाडी तर चुकूनही घेऊ नका. काशीद असो, हर्णै असो, गुहागर असो, लाटेत चाक घालून फोटो काढायची जी हौस पसरली आहे, तिने किती धडधाकट गाड्यांच्या चासीत मीठ भरलं आहे, ते पुढच्या मालकाला चार वर्षांनी कळतं.

कागदांचं एक दुखणं आहे, ते कोकणात जास्त दिसतं. गाडी आजोबांच्या नावावर, आजोबा जाऊन दहा वर्षं झाली, मुलगे पाच, त्यातले दोघे मुंबईला, एक बडोद्याला. मालक वारल्यावर नाव बदलायला फॉर्म ३१ लागतो, विक्रीला २९ आणि ३०, आणि वारसांच्या सह्या गोळा करता करता गाडी मांगरातच मरते. आमच्या सातबाऱ्यांची जी कथा तीच आमच्या आरसी बुकांची. बँकेचा बोजा कर्ज फिटूनही उतरवलेला नसतो. चासी नंबर आणि आरसीवरचा नंबर स्वतः वाकून जुळवून बघा. माझ्या ओळखीत एकाने सुंदर राखलेली प्रीमिअर पद्मिनी घेतली. तिच्यात कधीतरी डिझेल इंजिन बसवलेलं होतं, आरसीवर मात्र पेट्रोलच राहिलं होतं. ती गाडी आज चालवताही येत नाही आणि विकताही येत नाही.

कुठली घ्यावी, याबद्दल माझं मत विचारलंत तर सांगतो, पण ते मत आहे, भाकीत नाही. ज्यांचं नाव सगळे घेतात ती जिप्सी केव्हाच महाग झाली आहे. १९८५ पासून २०१० च्या दशकाच्या अखेरपर्यंत बनलेली ही साधी गाडी आमच्या लाल मातीच्या घाटवाटांना शोभते, पण आता तिच्या नावाचे पैसे मागतात. पहिल्या पिढीतली होंडा सिटी, त्यातही व्हीटेक इंजिनची, चालवायला आजही आनंद देते. फियाट पॅलिओची १.६ जीटीएक्स, आणि तिच्यातच सचिन तेंडुलकरच्या नावाने काढलेल्या पाचशे एस-१० गाड्या, त्या मिळाल्या तर हात धरून ठेवाव्यात. काँटेसाचं दिसणं कुणालाही भुरळ घालेल, पण तिचे सुटे भाग मिळवणं म्हणजे दुसरी नोकरी. ज्यांच्या कंपन्याच देश सोडून गेल्या त्या देवू आणि ओपल गाड्यांच्या वाटेला मी स्वतः जाणार नाही. २०१० नंतरच्या महागड्या गाड्या, ज्यांच्यात प्रत्येक काचेला आणि आरशाला वेगळा कंट्रोलर आहे, त्यांच्याबद्दल मला भरवसा वाटत नाही. कार्ब्युरेटर आमच्या मेस्त्रींना डोळे मिटून जुळवता येतो. जळलेलं इलेक्ट्रॉनिक कार्ड वीस वर्षांनी कोण देणार?

पण माझा जीव सगळ्यात जास्त तुटतो तो मारुती ८०० साठी. १९८३ च्या डिसेंबरात पहिली गाडी दिल्लीत मालकाच्या हाती दिली, २०१४ च्या जानेवारीत शेवटची बनली, आणि मधल्या तीस वर्षांत देशात सुमारे २७ लाख गाड्या विकल्या गेल्या. इतकी झालेली वस्तू दुर्मीळ कशी होईल, असं वाटतं. मात्र सगळ्यात आधी नाहीशी होते ती हीच, कारण तिला कुणी ठेवत नाही. ती पहिली ८०० सुद्धा मालकाच्या मागे घराबाहेर उघड्यावर सडत पडली होती. पुढे कंपनीने ती दुरुस्त करून मुख्यालयात ठेवली. पहिल्या तीन वर्षांतली जुन्या आकाराची ८०० शेवटची कधी पाहिलीत, आठवून बघा. मुंबईतल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनीचंही तेच झालं. शेवटची नोंदलेली टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरातली. वीस वर्षांची मुदत संपली आणि २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून गेली. एक-दोन दिवस वर्तमानपत्रांत फोटो आले. हजारो पद्मिनी त्याआधीच कापल्या गेल्या होत्या, तेव्हा फोटो काढायला कुणी गेलं नव्हतं.

आता नियमांकडे येतो, कारण खरी अडचण तिथे आहे. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण. कारच्या नूतनीकरणाचं शुल्क ६०० रुपये होतं, ते १ एप्रिल २०२२ पासून ५,००० झालं, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या कारसाठी १०,००० झालं. पर्यावरण कर वेगळा. दुसऱ्या टोकाला २०२१ चे विंटेज गाड्यांचे नियम आहेत. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली, मूळ रूपातली गाडी विंटेज ठरते, तिला 'व्हीए' अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो. पहिली नोंदणी २०,००० रुपयांत दहा वर्षांसाठी, पुढची फेरनोंदणी ५,००० रुपयांत. ती रोज चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच बाहेर काढायची.

हे दोन नियम शेजारी ठेवून बघा. राजवाड्याच्या गॅरेजमधली साठी उलटलेली गाडी एका फेरनोंदणीला ५,००० भरते. माझ्या शेजारच्या निवृत्त गुरुजींची २३ वर्षांची ८०० एका नूतनीकरणाला १०,००० भरते, म्हणजे दुप्पट. ज्या वयात गाडीला आधार हवा त्या वयात तिला दंड, आणि जिने सगळं सोसून पन्नाशी गाठली तिला मान. पण पन्नाशी गाठणार कोण? ज्याच्याकडे शेड आहे, नोकर आहेत, पैसा आहे, त्याचीच गाडी. म्हणजे पुढच्या पिढीला वारसा म्हणून दिसणार आहेत त्या श्रीमंतांच्या गाड्या, आणि ज्या गाडीतून अर्धा देश पहिल्यांदा स्वतःच्या चाकांवर फिरला ती दिसणारच नाही. मला हे फार अन्यायाचं वाटतं.

जगाने यावर मधला मार्ग काढलेला आहे. जुन्या वाहनांची जागतिक संघटना फिवा तीस वर्षं झालेल्या, मूळ स्वरूपात जपलेल्या आणि रोजच्या वापरात नसलेल्या वाहनाला ऐतिहासिक मानते. जर्मनीत तिसाव्या वर्षी, गाडी तपासून, नंबराच्या शेवटी 'एच' अक्षर मिळतं आणि करात सवलत मिळते. ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांनी वाहनकर माफ होतो. आपल्याकडेही तिशीचा एक टप्पा करावा. वर्षाला दोन-तीन हजार किलोमीटरची मर्यादा घाला, ब्रेक-स्टिअरिंग-सांगाडा यांची तपासणी कडक ठेवा, पण शुल्क साध्या गाडीचंच घ्या. आणि मूळ रूपाची व्याख्या करताना किनाऱ्यावरच्या माणसाला विचारा. आजच्या विंटेज नियमात चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला चालत नाही. आमच्याकडे तीस वर्षांत एकदाही सिल किंवा फ्लोअर बदलावा लागला नाही, अशी गाडी सापडणार नाही. त्याच मापाचा पत्रा त्याच जागी जोडणं याला फेरबदल म्हणू नये, हे नियमात स्वच्छ लिहिलेलं असावं.

प्रदूषणाचा आक्षेप मला मान्य आहे. कार्ब्युरेटरची गाडी दर किलोमीटरला आजच्या बीएस-६ गाडीपेक्षा कितीतरी जास्त धूर सोडते, यात वाद नाही. दिल्लीची हवा वेगळी आणि तिथल्या कडक बंदीमागचं दुखणंही खरं. पण वर्षाला हजार किलोमीटर चालणारी ८०० आणि रोज ऐंशी किलोमीटर धावणारी जुनी डिझेल टॅक्सी यांना वयाच्या एकाच पट्टीने मोजणं बरोबर नाही. धूर मोजायचं यंत्र आहे, ते वापरा. सुरक्षिततेचा आक्षेप मला त्याहून जड वाटतो. या गाड्यांत एअरबॅग नाही, एबीएस नाही, पुढचा भाग आगपेटीसारखा चेपतो. मुंबई-गोवा महामार्गावर नातवंडांना घेऊन मी सिएरा काढत नाही आणि कुणी काढू नये. गावातल्या रस्त्यांवर, उजेडात, सावकाश. किलोमीटरची मर्यादा मी मागतो त्यामागे हेही कारण आहे.

इथे मला एका गोष्टीची फार खंत वाटते, आणि ती कारची नाही. आमचं कोकण कारने चाललंच नाही. ते चाललं बजाज टेम्पोच्या ट्रॅक्सने, मॅटाडोरने, महिंद्राच्या लांब जीपने. हापूसच्या पेट्या त्यांनीच वाहिल्या, वऱ्हाडं त्यांनीच नेली, रात्री-अपरात्री अडलेली बाई तालुक्याच्या दवाखान्यात त्यांनीच पोचवली. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली तरी स्टेशनापासून वाडीपर्यंत यायला ट्रॅक्सच होती, आत दहा आणि मागे लोंबकळणारे तिघे. आकुर्डीत बनलेली ती मॅटाडोर आज माझ्या तालुक्यात मला एकही चालती दिसत नाही. एक आहे, एका बागेत, बोंडूच्या झाडाखाली, तिच्यात कोंबड्या बसतात. तिला भविष्यात किंमत येईल की नाही, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटत नाही. तालुक्याच्या एखाद्या एसटी डेपोत एक शेड बांधून एक ट्रॅक्स, एक मॅटाडोर आणि एक जुनी एसटी उभी केली, तर आमच्या मुलांना त्यांचे आजोबा मुंबईला कसे गेले, हे तिथे हात लावून कळेल. पर्यटनाच्या नावाने इतका पैसा येतो. एवढ्या कामाला त्यातला किती लागेल?

ज्यांनी गाडी घेतलीच आहे त्यांच्यासाठी थोडं. पावसाळ्यात तिच्यावर प्लास्टिक टाकू नका, आत घाम धरतो. वर छप्पर, चारी बाजूंनी वारा, खाली शक्यतो कोबा. जांभ्याची किंवा सारवलेली जमीन खालून ओल सोडत राहते. बॅटरीची तार काढा. उंदीर वायरी खातात, त्याचा बंदोबस्त करा. आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं, ते पाणी ओढून घेतं आणि जुन्या रबरी नळ्या, गॅस्केट खराब करतं. म्हणून अर्ध्या टाकीवर गाडी चार महिने उभी ठेवू नका, कार्ब्युरेटर रिकामा करा, आणि नळ्या एकदा नव्या घालून घ्या. पंधरा दिवसांनी ऊन पडलं की इंजिन चालू करून गाडी खळ्यातल्या खळ्यात पुढे-मागे करा.

माझ्या सिएराचं नूतनीकरण २०२६ मध्ये आहे. मागच्या खेपेला, २०२१ मध्ये, मी ६०० रुपये भरले होते. या खेपेला १०,००० भरणार आहे, आणि अर्जासोबत तिशीच्या टप्प्याची मागणी लिहून देणार आहे, पोचपावती घेऊन. मेस्त्रींनी दरवाजांची भोकं तारेने साफ केली आहेत, डाव्या सिलला पुन्हा लोहचुंबक लावून बघितलं आहे. आता ते धरतं.